मांड्यांची पंगत

एका राज्यात मोठा सण होता, आणि सणाच्या पानात गोड नव्हते.

राज्य डोंगरांच्या कुशीत वसलेले. वर बारमाही झरे, खाली काळीभोर जमीन. तिथला ऊस माणसाच्या दुप्पट उंच वाढे, तिथला गहू दळताना जात्याभोवती वास दरवळे. शेजारचे राजे आपल्या तलवारींचा डौल मिरवीत, हे राज्य आपल्या अन्नाचा मिरवी. नवे धान्य घरात आले की राजवाड्यापुढच्या आमराईत पंगत बसे. राजा आणि राखणदार, व्यापारी आणि गुराखी, वाटसरू आणि वैरीसुद्धा, सारे एका ओळीत. त्या दिवशी राजा मुकुट उतरवून ठेवी, कमरेला उपरणे बांधी आणि स्वतः वाढायला उभा राही. पानात मीठ येई, लिंबू येई, चटण्या आणि कोशिंबिरी येत, भरली वांगी येत, अळूची भाजी येई, वाफाळता वरणभात आणि त्यावर तुपाची धार. पण जिथे पक्वान्न वाढायचे, तिथे हिरवे पान तसेच मोकळे राही.

कारण आमराईच्या पूर्वेला दुसरी एक पंगत बसलेली होती. ती कधी उठत नसे. ती दगडाची होती.

ती पंगत बसली तेव्हा राजा धरसेन तरुण होता. पराक्रमी होता, आणि आपल्या राणीच्या हातच्या मांड्यांचा त्याला भारी अभिमान. राणी पद्मरेखा पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे भाजी. मांडा असा पातळ की त्यातून सूर्य पाहावा, असा मोठा की तान्ह्या मुलाला गुंडाळावे. त्या सणाला पंगतीत काळी कांबळ पांघरून एक मांत्रिक येऊन बसला. त्याचे नाव अर्कजिव्ह. राणीने त्याला मांडा वाढला. त्याने घास घेतला आणि तो म्हणाला, "राजा, तुझ्या मांड्याला चव नाही. राख चघळल्यासारखे वाटते."

राजा खदखदून हसला. "याला भुसा वाढा," तो म्हणाला, "जीभ जनावराची दिसते."

सारी पंगत हसली. अर्कजिव्ह उठला. त्याने मूठभर माती उचलली आणि तिच्यावर फुंकर घातली. "ज्या गोडाच्या गर्वाने हसलात, ते गोड या पंगतीत जो तोंडाला लावील तो दगड होईल. माझ्या जिभेला तुमचे गोड ज्या दिवशी गोड लागेल, त्या दिवशी शाप उतरेल."

ज्यांच्या तोंडात घास होता ते तिथल्या तिथे दगड झाले. राणी वाढून वाढून दमली होती, नुकतीच बसली होती. मांड्याचा पहिला तुकडा तिने ओठांना लावला होता. तीही दगड झाली. जवळच आंब्याच्या फांदीला झोळी टांगलेली होती आणि झोळीत तिची लेक झोपली होती. लेकीचे नाव शाल्मली.

शाल्मली दगडाच्या आईला पाहत मोठी झाली. लहानपणी ती त्या दगडी मांडीवर बसून भातुकली मांडी. मोठी झाल्यावर रोज सकाळी आईच्या खांद्यावरची आंब्याची पाने झाडी. कणखर मुलगी होती, मान ताठ, चाल सरळ. तिला पाहून लोक म्हणत, "ही आपली राणी होईल," आणि म्हणताना त्यांचीही मान ताठ होई.

धरसेन म्हातारा झाला. त्याने सभा भरवली आणि सांगितले, "या सणाला शाल्मली वाढील. वाढून झाले की राज्य तिचे."

शाल्मली उठली. "महाराज, मी वाढीन. पण पूर्ण पान वाढीन. या सणाला गोड होईल."

प्रधान सुबंधू उठला. सुबंधूचा थोरला भाऊ त्या दगडी पंगतीत होता. "युवराज्ञी, गोडावाचून सण अडत नाही. वरणभातावर पोट भरते, माणसे हसतखेळत घरी जातात. एका पदार्थासाठी आणखी किती जणांना दगड करायचे?"

"एकालाही नाही, सुबंधूकाका."

"मग आग्रह कशासाठी? शेजारचे राजे नावे ठेवतात म्हणून?"

"त्यांच्यासाठी नाही. आपण वैऱ्यालाही पान वाढतो, याचा मला अभिमान आहे. पण दरवर्षी पान वाढताना आपला हात एका जागी थबकतो. तो हात भीतीने थबकतो. भीत भीत वाढलेल्या पानाचा अभिमान मला धरता येत नाही."

धरसेनाने मान खाली घातली. "पोरी, मांत्रिकाला गोड लागेल असे गोड या भूमीत नाही. मी मध पाठवून पाहिला, दूध पाठवले, खडीसाखर पाठवली. तो दरवर्षी येतो, पंगतीच्या टोकाला बसतो, मोकळी जागा पाहतो आणि निघून जातो."

"तर मग मी त्याची जीभ शोधीन," शाल्मली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईच्या खांद्यावरची पाने झाडत होती. तोच समोरच्या फांदीवर एक भारद्वाज येऊन बसला. पंख तांबूस, डोळे लालबुंद. शापाच्या दिवशी मांड्याचा एक कण मातीत पडला होता, तो या पक्ष्याने टिपला होता. पक्ष्यांना शाप नव्हता, म्हणून तो दगड झाला नाही. पण माणसांच्या पंगतीतले खाल्ले म्हणून त्याला माणसांची वाचा फुटली होती.

"राजकन्ये," भारद्वाज म्हणाला, "अर्कजिव्हाची जीभ त्याच्या तोंडातच आहे. तिची गोडी मात्र तिथे नाही. विद्येच्या बदल्यात त्याने ती यक्षाला दिली. जांभळ्या डोंगराच्या पोटात यक्षाचा खजिना आहे, त्यात ती ठेवलेली आहे. वाटेत दोन पहारे आहेत, तिसरा यक्ष स्वतः."

"तू वाट दाखवशील?"

"दाखवीन. पण पहारे तुलाच ओलांडावे लागतील."

शाल्मलीने ओच्यात गुळाचा एक खडा बांधला, कमरेला पाण्याची तुंबडी लावली आणि ती निघाली. पुढे भारद्वाज, मागे राजकन्या. पहिल्या दिवशी शेते संपली, मग वाटा संपल्या, मग माणसांनी नाव दिलेली झाडे संपली. तेव्हा जांभळा डोंगर दिसला.

डोंगराच्या तोंडाशी आग्या माश्यांचे पोळे होते, हत्तीएवढे. शाल्मली जवळ जाताच सारे पोळे हलले आणि आभाळ काळे झाले. माश्या तिच्या केसांवर बसल्या, पापण्यांवर बसल्या, अंगभर घोंगडीसारख्या पसरल्या. जो धावे त्याला त्या मारीत, आणि आजवर जो तो धावला होता. शाल्मलीच्या पायांनाही धावावेसे वाटले. तिने पायांना सांगितले, तुम्ही राजघराण्याचे पाय आहात, आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

पोळ्यातून राणीमाशी उतरली, शाल्मलीच्या नाकासमोर येऊन थांबली. "कोण तू?"

"एका राज्याची होणारी राणी."

"तुझे सैन्य कुठे आहे?"

"घरी. ते पंगतीची वाट पाहते आहे."

"जी राणी सैन्य घरी ठेवून स्वतः येते, तिला आम्ही डसत नाही," राणीमाशी म्हणाली. घोंगडी उठली, आभाळ मोकळे झाले. शाल्मली आत गेली. 

आत एक नदी होती, उसाच्या रसाची. काहिलीत रस उकळावा तशी ती उकळत होती, आणि तिच्या काठाला सोन्याची साय धरली होती. काठावर नावेएवढा एक सोनेरी, वाढण्याचा डाव होता. भारद्वाज म्हणाला, "यात बस. हा पलीकडे नेतो. मात्र नदी बोलेल, तिला हात देऊ नकोस. ज्यांनी दिला ते तळाशी आहेत."

डाव निघाला. मध्यावर आल्यावर फेसातून एक हात वर आला. त्यात हिरवा चुडा होता. मग आवाज आला, मऊ आणि ओला, "शाल्मली, बाळा, मी तुझी आई. किती वर्षे दगडात बसले आहे ग. मला वर काढ."

 शाल्मलीने दोन्ही हात डावाच्या कडेवर घट्ट दाबून धरले.

"माझ्या आईचा आवाज मला आठवत नाही," ती म्हणाली. "तू कोणाचा आवाज काढतेस, ते मला कसे कळावे? दुसरे कोणी फसले असते. मला फसवायला जो ओळखीचा आवाज लागतो, तो तुझ्यापाशी नाही."

हात बुडाला. डाव पलीकडच्या काठाला लागला. शाल्मली उतरली आणि तिथेच खडकावर बसून पोटभर रडली. भारद्वाज पाठ फिरवून पंख साफ करीत बसला. मग तिने तुंबडीतले पाणी तोंडावर मारले, पदर नीट केला आणि ती उठली.

खजिन्यात यक्ष बसला होता. बुटका, पोट सुटलेला, कानांत माणकांचे झुबे. भोवती सोन्याच्या राशी होत्या आणि त्या राशींवर माणसांनी विकलेल्या गोष्टी शिंपल्यांत ठेवलेल्या होत्या. एकात कोणाची झोप होती, एकात कोणाचे हसू. एका शिंपल्यात दवाच्या थेंबाएवढे काहीतरी थरथरत होते.

"तेच," भारद्वाज म्हणाला.

यक्षाने जांभई दिली. "न्यायला आलीस? खुशाल ने. अर्कजिव्हाने ती आपल्या हाताने जिभेवर ठेवली की त्याची विद्या मला परत येईल, तेव्हा माझे नुकसान नाही. पण माझी जागा रिकामी राहायची नाही. वस्तूच्या जागी वस्तू हवी."

"हवे तेवढे सोने घे. आमच्या कोठारातला गहू घे."

"सोन्यावर मी झोपतो. गोडीच्या जागी गोडी हवी. तुझी दे."

शाल्मलीने शिंपल्याकडे पाहिले. यक्ष पुढे म्हणाला, "नीट विचार कर. जागा भरायला घेतलेली गोडी मी परत देत नाही. आंबा खाशील, त्यात आंबा नसेल. तुझी मुले उष्टा लाडू तुझ्या तोंडात कोंबतील, तो तुला मातीसारखा लागेल. आणि हे करून मांत्रिक ऐकेलच असे नाही. तो ऐकला नाही तर तुझे देणे फुकट गेले."

"थोडा वेळ दे," शाल्मली म्हणाली.

तिने ओच्याची गाठ सोडली आणि गुळाचा खडा काढला. तो तिच्या भूमीचा गूळ होता. तिने तो तोंडात ठेवला, चावला नाही, विरघळू दिला. त्यात तिला ऊसतोडीची थंड सकाळ लागली, गुऱ्हाळाचा धूर लागला, गरम काकवीत बोट बुडवून पळणारी लहान शाल्मली लागली. शेवटचा कण विरघळेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

"अशी गोडी दुसऱ्या कोणत्या राज्यात नाही," ती म्हणाली. "सांभाळून ठेव. आता घे."

यक्षाने तिच्या जिभेवर करंगळी टेकवली. तिची गोडी एका शिंपल्यात गेली, आणि अर्कजिव्हाचा शिंपला तिच्या हाती आला.

सणाचा दिवस उजाडला. नगरातल्या म्हाताऱ्या माळ्यावरची खापरे उतरवून, धुऊन, आमराईत घेऊन आल्या. इतकी वर्षे मांडा कोणी भाजला नव्हता, तरी हात विसरले नव्हते. कणकेचा गोळा हातांवर नाचू लागला, फिरता फिरता पातळ झाला, कोपरापर्यंत उतरला, खापरावर पसरला. वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास घराघरात शिरला. पुरणाची चव पाहायला म्हाताऱ्यांनी शाल्मलीपुढे वाटी धरली. ती म्हणाली, "तुम्हीच पाहा, आजी. तुमची जीभ खरी." कोणाला काही कळले नाही.

पंगत बसली. टोकाला काळी कांबळ पांघरून अर्कजिव्ह येऊन बसला. शाल्मलीने मीठ वाढले, भाजी वाढली, भात वाढला. मग मांड्यांची परात घेतली. पहिल्या पानाशीसुद्धा तिचा हात थबकला नाही. घडी घातलेला मांडा पडला आणि शेकडो माणसांनी श्वास रोखला. ती पुढे गेली, वाढत गेली. कोणी पानाला हात लावला नाही, पण कोणी उठूनही गेले नाही. सुबंधूच्या पानात मांडा पडला तेव्हा त्याने हात जोडले आणि तो बसून राहिला.

अर्कजिव्हापुढे ती थांबली. मांडा वाढला आणि त्याच्या शेजारी शिंपला ठेवला.

मांत्रिकाने शिंपला ओळखला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे तू कुठून आणलेस?"

"जिथे तू ठेवले होतेस तिथून. ही तुझी गोडी आहे. जिभेवर ठेवशील तर विद्या जाईल, हे मी तुझ्यापासून लपवीत नाही. कपटाने तुझ्या अन्नात कालवता आली असती तरी कालवली नसती. आमच्या पंगतीत पाहुण्याला फसवून वाढत नाहीत."

"आणि मी नाही म्हटले तर?"

"तर या पंगतीतला पहिला घास माझा. मी तिथे आईशेजारी जाऊन बसेन. पुढच्या सणाला जो कोणी वाढील, तोही तुला मांडा वाढील."

तेवढ्यात राजा धरसेन काठी टेकत आला. हातात तुपाची वाटी होती. तो वाकला, त्याचे गुडघे वाजले. "त्या दिवशी तू उपाशी उठलास, अर्कजिव्हा. माझ्या दारातून उपाशी उठलेला तू एकटाच." त्याने मांड्यावर तूप घातले. थोडी धार पानाबाहेर गेली.

मांत्रिकाने राजाकडे पाहिले नाही. तो शाल्मलीकडे पाहत होता. "यक्ष फुकट काही देत नाही. याच्या जागी तू काय ठेवलेस?"

शाल्मलीने हातातली परात सावरली.

"हा मांडा कसा झाला आहे, राजाच्या लेकी? गोड झाला आहे?"

"म्हाताऱ्या म्हणतात, झाला आहे."

"तुला काय वाटते?"

"मला कळत नाही," शाल्मली म्हणाली. तिची मान ताठ होती. "जसे तुला कळत नव्हते."

पंगतीत कोणाच्या हातातले भांडे घरंगळले. राजाने लेकीचा दंड धरला. अर्कजिव्हाच्या ओठांचे कोपरे हलू लागले.

"मी ती विकली तेव्हा मला वाटले, क्षुल्लक वस्तू गेली," तो म्हणाला. "पहिल्या सणाला कळले. मग मी विद्येने डोंगर हलवले, नद्या वळवल्या, पण आईने पाठवलेला लाडू मला राखेसारखा लागला. आणि तू ती माझ्यासाठी दिलीस. मी तुझ्या आईला दगड केले, त्या माझ्यासाठी."

"पंगतीसाठी दिली," शाल्मली म्हणाली. "तू पंगतीत बसला आहेस."

अर्कजिव्हाने शिंपला उचलला आणि तो थेंब जिभेवर ठेवला. त्याची कांबळ साधी कांबळ झाली, त्याची काठी साधी काठी. त्याने मांड्याचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. तो चावत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिले. मग तो मोठ्याने म्हणाला, साऱ्या आमराईला ऐकू जाईल असे म्हणाला, "गोड आहे!"

पूर्वेकडे दगड तडकल्याचा आवाज झाला. तिथली पंगत हलली. कोणी ठसकला, कोणी पाणी मागितले. सुबंधू हातातले सारे टाकून धावला, आणि एक तरुण पांढऱ्या मिशांच्या सुबंधूला विचारू लागला, "आपण कोण, आजोबा?" तो त्याचा थोरला भाऊ होता. भोवतीचे लोक हसू लागले, मग रडू लागले, मग मांडे खाऊ लागले.

राणी पद्मरेखेने ओठांशी धरलेला तुकडा खाल्ला, हात झटकला आणि समोर पाहिले. म्हातारा धरसेन उभा होता. त्याच्या शेजारी तिच्याच नाकाडोळ्यांची एक तरुणी होती.

"ही कोण?" राणीने विचारले. तिचा आवाज थोडा घोगरा होता. नदीने काढलेल्या आवाजासारखा मुळीच नव्हता.

"झोळीतली," राजा म्हणाला.

राणी लेकीकडे बघत राहिली. तिने पानातला मांडा मोडला आणि घास शाल्मलीच्या तोंडापुढे धरला. शाल्मलीने तो खाल्ला. मांडा मऊ होता, ऊन होता, त्याला जायफळाचा वास होता.

"गोड झाला आहे ना?"

"आई, मला गोड कळत नाही. ते सारे मी तुला नंतर सांगेन. पण असा घास मी आजवर खाल्ला नव्हता."

राणीने दुसरा घास केला. मग तिसरा. त्या दिवशी ती लेकीला भरवीतच राहिली.

पंगत उठली तेव्हा लोकांनी शाल्मलीच्या डोक्यावर मुकुट ठेवला. अर्कजिव्ह त्या नगरातच राहिला. दर सणाला तो ओळीतून फिरे आणि पाहुण्यांना आग्रह करी, "आणखी एक घ्या," आणि त्याला नाही म्हणणे कोणाला जमत नसे.

आणि त्या राज्यात एक नवी रीत पडली. सणाला शाल्मली राणी सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसे. तिच्या शेजारचे पान मोकळे ठेवीत. ज्याला हवे त्याने तिथे बसावे, मांडा खावा आणि तो कसा लागला ते राणीला सांगावे. कोणी सांगे, दूरदेशीहून परतताना वेशीवर आपली बोली कानी पडावी तसा. कोणी सांगे, भांडून गेलेली बहीण हाक न मारता घरात शिरावी तसा. एका वर्षी एक तोंडाळ म्हातारी बसली, सबंध मांडा खाल्ला, बोटे चाटली आणि म्हणाली, "राणीबाई, सांगायला काही उरलेच नाही. सगळे खाऊन टाकले." त्या वर्षी राणी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि सारी आमराई तिच्याबरोबर हसली.

त्या राज्यातल्या प्रत्येकाचे पान पूर्ण वाढले गेले. ऐकणाऱ्यांचे आणि सांगणाऱ्याचेही तसेच वाढले जावो.